दोन विषय, एक पदवी

लेस्टर, शनिवार, 14 जून 2025

लेकीची लोअर सिक्स्थ, म्हणजे आपली अकरावी, संपत आली. सप्टेंबरात शेवटचं वर्ष सुरू होईल आणि ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज धरायचं तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत विद्यापीठांचा अर्ज गेला पाहिजे. यूकासच्या फॉर्मवर पाचच जागा. ए-लेव्हलला तिचे गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे विषय आहेत. आज जेवताना तिनं सांगून टाकलं, पदवीला तिला अर्थशास्त्रही हवंय आणि इतिहासही, आणि दोन्ही सारख्या मानानं. इकडे याला जॉइंट ऑनर्स म्हणतात.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," तिचा बाबा म्हणाला. टोमणा नव्हता, काळजी होती. तो इंजिनिअर, एका विषयात खोल उतरलेल्या माणसाला किंमत मिळते हे तो नोकरीत रोज बघतो. लेक चिडली नाही. "मग दोन्ही धड करते," एवढंच म्हणाली आणि ताट उचलून उठली.

मला तिची बाजू मनापासून पटते, पण मला पटून भागणार नाही. मी मुंबई विद्यापीठाची बी.ए. आमच्या वेळी टीवायला सहा पेपर असायचे. सहाही एकाच विषयाचे घ्या, नाहीतर दोन विषयांचे तीन-तीन. मी अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र तीन-तीन घेतले होते. सकाळच्या तासाला पंचवार्षिक योजनांचे आकडे आणि दुपारच्या तासाला केंद्र-राज्य संबंध. मग एखाद्या दिवशी लक्षात यायचं की दोन्ही सर एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत आणि एकमेकांशी त्यांचं पटणार नाही. तो आनंद मी अजून विसरलेले नाही. पण तिथे जोडणी विद्यापीठानं ठरवून दिलेली होती, आपण फक्त फॉर्मवर खूण करायची. इथे प्रत्येक विद्यापीठाची जोडणी वेगळी आहे. नाव तेच, आतला माल निराळा. तेव्हा हा उन्हाळा अभ्यासक्रम वाचण्यात जाणार.

रविवार, 22 जून

दोन विषय कशासाठी, याचं उत्तर तिच्याकडे तयार आहे आणि ते चांगलं आहे, म्हणून लिहून ठेवते.

ए-लेव्हलच्या जोडीला ती ईपीक्यू करतेय. पाच हजार शब्दांचा प्रकल्प, अर्ध्या ए-लेव्हलच्या तोलाचा. विषय तिनं निवडला तो सुप्याच्या दंग्याचा. माझ्या आईचं माहेर बारामती तालुक्यातलं, त्यामुळे सुप्याचं नाव घरात लहानपणापासून कानावर. 12 मे 1875ला सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली, हिशेबाच्या वह्या आणि कर्जाची खतं बाहेर काढून जाळली. तिथून लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं.

पाठ्यपुस्तकातलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. 1861ला अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, इकडच्या कापसाला अचाट भाव आला, सावकारानं सढळ हातानं कर्ज दिलं. 1865ला युद्ध संपलं, भाव पडले, सावकारानं हात आखडला, त्यात सारा वाढलेला; अखेर भडका. लेकीचा प्रश्न असा की सुप्याच्या पंचक्रोशीत कापूस मुळात किती पिकत होता? आणि भाव पडल्यावर दंगा व्हायला दहा वर्षं का लागली?

याचं उत्तर द्यायचं तर भावाचे आकडे लागतात, पेऱ्याचे लागतात, कुठल्या तालुक्यात सारा किती वाढला ते लागतं, आणि त्या आकड्यांवरून काय म्हणता येतं आणि काय नाही, ही शिस्त लागते. ती अर्थशास्त्र शिकवतं. पण 1859च्या मुदतीच्या कायद्यानं खत तीन वर्षंच चालायचं. म्हणून सावकार दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत करून घ्यायचा, आणि अंगठा उठवणाऱ्याला आत काय लिहिलंय ते वाचता येत नसे. म्हणूनच जमावाचा रोख त्या कागदांवर होता. हे समजायला दंग्याच्या चौकशी आयोगापुढच्या साक्षी वाचाव्या लागतात. कोण बोलतोय, कोणासमोर, कोणाच्या भाषेतून कोणाच्या भाषेत उतरवलं जातंय हे ओळखावं लागतं. ते इतिहास शिकवतो. नील चार्ल्सवर्थ या इतिहासकारानं 1972मध्ये या दंग्यांवर एक लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'मिथक' हा शब्द आहे. कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंनी तो तिला मिळवून दिला. समासभर तिची पेन्सिलीची प्रश्नचिन्हं आहेत. काही चार्ल्सवर्थला, काही पाठ्यपुस्तकाला.

माझ्या मते दोन विषयांची पदवी घ्यायला हेच खणखणीत कारण. आपला प्रश्न एका विषयाला पुरा उचलत नसला पाहिजे. 'दोन्ही आवडतात' हे खोटं नसतं, पण शेवटच्या वर्षी दोन्हीकडचे निबंध एकदम अंगावर आले की तेवढ्यावर निभत नाही. आणि एक नाही जमलं तर दुसरं आहेच, म्हणून दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याला तर ही पदवी फारच महाग पडते, कारण इथे काम दोन्हीकडचं करावं लागतं.

शनिवार, 5 जुलै

मध्यंतरी आम्ही दोघी शेफील्डला गाडी बदलून मँचेस्टर पाहून आलो. तिथे 'मॉडर्न हिस्टरी विथ इकॉनॉमिक्स' अशी पदवी आहे. या 'विथ'कडे नीट बघायला हवं. 'अँड' असेल तर दोन्ही विषय साधारण निम्मे-निम्मे; 'विथ' असेल तर पहिला मुख्य आणि दुसरा पाव ते तिसरा हिस्सा. मुलं नावाच्या घाईत हे बघत नाहीत आणि दुसऱ्या वर्षी आवडत्या विषयाचे तास मोजत बसतात.

विद्यापीठ बघून झाल्यावर लेकीनं मला रॉयल एक्स्चेंजमध्ये नेलं. केवढं ते दालन! एके काळी इथे सुताचे आणि कापडाचे सौदे चालत. आता मधोमध नाट्यगृह आहे, 1976 पासून. पण वर भिंतीवर भावफलक तसाच ठेवलाय. 1968मध्ये व्यवहार बंद झाले त्या शेवटच्या दिवसाचे भाव अजून त्यावर आहेत. लेक मान वर करून कितीतरी वेळ ते आकडे वाचत होती. सुप्याच्या शेतकऱ्यानं हे शहर कधी पाहिलं नसेल, पण त्याच्या खतावरच्या रकमेशी या शहराचा काही संबंध होता की नव्हता, तेच तर तिला शोधायचंय.

तिथून लिंकनचा पुतळा जवळच. कापसाच्या दुष्काळात गिरण्या बंद पडून उपासमार चालली असताना मँचेस्टरच्या कामगारांनी गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा कळवला आणि जानेवारी 1863मध्ये लिंकननं त्यांना उत्तर लिहिलं. त्यातला मजकूर चौथऱ्यावर आहे. सगळ्या लँकेशायरचं मत तसं नव्हतं, हे लेकीनंच मला बजावलं. तरी म्हणाली, "आई, नुसता भाव बघितला तर या लोकांनी बरोबर उलटं मागायला हवं होतं. मग ते असं का वागले?" मी काही बोलले नाही. असा प्रश्न पडणाऱ्या मुलीला एक विषय सोड म्हणणं मला तरी जमणार नाही.

मँचेस्टर यादीत राहिलं. अर्थशास्त्राचा हिस्सा कमी, ही तिची तक्रार आहे, पण कापसाचा इतिहास शिकायला याहून योग्य गाव कुठलं?

रविवार, 13 जुलै

आजचा दिवस जेवणाच्या टेबलावर. लेकीनं प्रत्येक विद्यापीठाचा मॉड्यूलचा तक्ता छापून आणला. सक्तीचं ते लाल पेन्सिलीनं, ऐच्छिक ते हिरव्या. मी तिला प्रत्येक तक्त्याशेजारी आणखी एक रकाना आखायला लावला: 'काय सुटतं'. माहितीपत्रकात काय मिळतं ते ठळक अक्षरांत असतं. काय सुटतं ते आपणच एकेरी पदवीचा तक्ता शेजारी ठेवून काढायचं.

हिशेब असा. इंग्लंडात वर्षाला 120 क्रेडिट, तीन वर्षांचे 360. जॉइंटमध्ये प्रत्येक विषयाच्या वाट्याला वर्षाचे साठेक. अर्थशास्त्राच्या साठांत मायक्रो, मॅक्रो, गणित, संख्याशास्त्र, पुढे इकॉनोमेट्रिक्स. एवढं घातलं की पोतडी भरली. एकेरी पदवीवाली मुलं विकासाचं अर्थशास्त्र, श्रमाचं अर्थशास्त्र निवडतात. जॉइंटवाल्यांना त्यातलं एखादंच मिळतं. इतिहासात उलट. तिथे सक्तीचं थोडं आणि निवड भरपूर, पण प्रबंध मोठा, आणि तो कुठल्या विभागात लिहायचा हा प्रश्न उरतोच.

एका तक्त्यात जॉइंटच्या मुलांना इकॉनोमेट्रिक्स सोडायची मुभा होती. लेक खूश झाली, निवडीला जागा मिळाली म्हणून. तेव्हा इतका वेळ पेपर वाचत बसलेला बाबा उठून आला. "हे सोडायचं नाही," म्हणाला. "उद्या अर्थशास्त्रात एमएस्सी करावीशी वाटली तर पहिलं हेच विचारतील. आणि तुझ्या सुप्याच्या आकड्यांचं काय करणार आहेस त्याच्याशिवाय?" त्यानं खुर्ची ओढली आणि संध्याकाळपर्यंत तोही लाल-हिरवं करत होता. मला फार बरं वाटलं.

त्यातून हाती लागलेल्या दोन गोष्टी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आर्थिक इतिहासाचा स्वतंत्र विभागच आहे. तिथल्या 'इकॉनॉमिक्स अँड इकॉनॉमिक हिस्टरी'त दोन विषय जिथे भेटतात त्या जागेलाच घर मिळालंय. आणि ऑक्सफर्डला पदवीच्या पातळीवर नुसतं अर्थशास्त्र शिकवतच नाहीत. तत्त्वज्ञान आणि राजकारणाबरोबर घ्या (ती प्रसिद्ध तिहेरी पदवी 1920 पासूनची), व्यवस्थापनाबरोबर घ्या नाहीतर इतिहासाबरोबर. म्हणजे तिथे जोडणी हाच नियम आहे. केंब्रिजमध्ये मात्र अर्थशास्त्र वेगळं आणि इतिहास वेगळा. एका वर्षी या दोहोंपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो, तेव्हा तो प्रश्न आपोआप सुटला.

रविवार, 20 जुलै

ऑफिसातले एक जुने सहकारी, आता निवृत्त, चहाला आले होते. साठीच्या दशकात ते कील विद्यापीठात शिकले, रसायनशास्त्र आणि इतिहास. लेकीनं त्यांना सोडलंच नाही.

कीलची गोष्ट जॉइंट ऑनर्सचा विचार करणाऱ्या प्रत्येकानं ऐकावी अशी आहे. ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे प्रमुख राहिलेले ए. डी. लिंडसे यांनी 1949मध्ये स्टोकजवळ, कुंभारकामाच्या आणि कोळशाच्या मुलखात, हे कॉलेज उभं केलं. 1962ला त्याचं विद्यापीठ झालं. एकाच विषयात बुडालेला पदवीधर दुसऱ्या विषयाच्या माणसाशी बोलूच शकत नाही, याचं त्यांना दुःख होतं. म्हणून पदवी चार वर्षांची. पहिलं वर्ष सगळ्यांना सगळ्याची ओळख करून देणारं. पुढे प्रत्येकाला दोन मुख्य विषय, आणि कलाशाखेच्या मुलाला थोडं तरी विज्ञान, विज्ञानाच्या मुलाला थोडी तरी कला. सहकारी म्हणाले, त्या पहिल्या वर्षी आपण काय शिकायला आलोय हेच बदललेली मुलं कितीतरी होती.

त्यांनी जाता जाता एक मुद्दा सांगितला तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. कीलमध्ये सगळेच दोन विषय घेत होते, म्हणून वेळापत्रक त्यांच्यासाठी आखलेलं असे. जिथे तीनशे मुलं एकेरी आणि सहा मुलं जोडीची, तिथे वेळापत्रक तीनशेंचं असतं. म्हणून विचारायचं: या जोडीला वर्षाला किती मुलं घेता? आणि दोन्हीकडचे तास आपटले तर कोण सरकतं? लेकीनं दोन्ही प्रश्न वहीत उतरवून घेतले.

गुरुवार, 14 ऑगस्ट

आज ए-लेव्हलचे निकाल. लेकीचा नंबर पुढच्या वर्षी, तरी घरात सकाळपासून तोच विषय.

संध्याकाळी शेजारची मुलगी आली. ती राज्यशास्त्र आणि जर्मन अशी जोडीची पदवी करतेय. मधलं एक वर्ष जर्मनीत काढून परतली. तिनं जे सांगितलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नाही. राज्यशास्त्राला संदर्भ द्यायची पद्धत एक, जर्मनला दुसरी. पहिल्या सत्रात तिचे गुण नुसते त्यापायी गेले. दोन्ही विभागांच्या निबंधांच्या तारखा एकाच आठवड्यात, कारण दोन विभागांचं आपसात बोलणंच नाही. एका विभागाला वाटतं ही दुसऱ्याची, दुसऱ्याला वाटतं ही पहिल्याची. स्नेहभोजनाचं आमंत्रण दोघांकडून राहतं. हे सांगताना तिचा आवाज जरा कातर झाला होता. आपली माणसं कुठली, हे ठरायलाच तिला वर्ष लागलं.

"मग पुन्हा संधी मिळाली तर एकच घेशील?" लेकीनं विचारलं.

"नाही गं. जर्मनीत मी त्यांच्या निवडणुका त्यांच्या भाषेत वाचल्या. वर्गातल्या कोणालाच ते जमत नव्हतं. पण दोन्ही विभागांत एक तरी माणूस असा हवा, जो तुला नावानं ओळखतो. तो पहिल्या महिन्यात शोध."

मी अशी माणसं कामावर घेताना पाहिलीयत; दोन खात्यांची भाषा येणारी व्यक्ती असली की दहा बैठका वाचतात. पण ती तयार होताना तिची दमछाक होते आणि ती कोणाला दिसत नाही.

रविवार, 31 ऑगस्ट

आज पैशांचं. मीच बसले, माझा रोजचाच उद्योग हिशेबाचा.

फी सध्या वर्षाला 9,535 पौंड. तीन वर्षांचे 28,605. एडिंबरोला इंग्लंडच्या मुलांनाही तेवढीच फी, पण स्कॉटलंडची ऑनर्स पदवी चार वर्षांची. म्हणजे 38,140, आणि राहण्याखाण्याचं एक वर्ष जास्त. फीचं कर्ज मिळतं. 2023 पासून सुरू झालेल्या नियमानं 25,000 पौंडांच्या वरच्या पगारावर 9 टक्के कापतात, चाळीस वर्षांपर्यंत. त्यानंतर उरलेलं माफ. पगार 35,000 असेल तर वर्षाला 900. हे आकडे लेकीसमोर मांडले. कर्ज तिच्या नावावर असणार, तेव्हा तिला कळलंच पाहिजे.

तरी एडिंबरो काढायला मी तयार नाही. स्कॉटलंडमध्ये पहिली दोन वर्षं आपल्या दोन विषयांबरोबर तिसराही घेता येतो आणि ऑनर्सचं खरं काम शेवटच्या दोन वर्षांत. ज्या मुलाचं ठरत नाही त्याला याहून चांगली व्यवस्था मला दिसत नाही. लेकीचं ठरलंय, पण चौथ्या वर्षानं जोडीच्या पदवीचं मुख्य दुखणं कमी होतं. प्रत्येक विषय निम्मा होत नाही, त्याला वाढायला जागा मिळते. बाबाचं म्हणणं, एक वर्षाचा पगार बुडतो तोही धर. धरला. यादीत एडिंबरो आहे.

रविवार, 14 सप्टेंबर

पुण्याहून आईचं पार्सल आलं. लेकीसाठी धनंजयराव गाडगिळांचं इंग्रजी पुस्तक, भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचं. केंब्रिजला लिहिलेल्या प्रबंधातून 1924मध्ये ते पुस्तक झालं. सुरुवातच 1860पासून, म्हणजे नेमकी कापसाच्या तेजीच्या तोंडावर.

व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "दोन विषय दोन विषय काय लावलंयस? रानड्यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर लिहिलं आणि हिंदुस्थानच्या अर्थशास्त्रावरही बोलले, तेही न्यायाधीशाची नोकरी सांभाळून. बाबासाहेबांचं रुपयावरचं पुस्तक अर्थशास्त्राचं म्हणतात. उघडून बघ, चलनाचा इतिहासच आहे." आई निवृत्त शिक्षिका, फोनवरसुद्धा फळ्यासमोर उभी असते. पण खरं आहे तिचं. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' 1923चं, लंडन स्कूलच्याच डीएस्सीच्या प्रबंधाचं. जुने कायदे, जुनी टांकसाळ, जुने आकडे यांतून वाट काढत ते चलनाच्या धोरणावर येतं. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत आपले मतभेद नोंदवूनही पुस्तकाचं स्वागत केलं. आपल्याकडे अर्थशास्त्र सुरू झालं तेच मुळी इतिहासाचा हात धरून, कारण देश गरीब का झाला हा प्रश्न होता आणि तो दोन्हीकडे पाय असल्याशिवाय विचारता येत नव्हता.

लेक ऐकत होती. "आजी, हे मला मराठीत लिहून पाठव," म्हणाली. आजीचे डोळे भरून आले असावेत, तिनं चष्मा काढला.

शनिवार, 27 सप्टेंबर

चार नावं पक्की: ऑक्सफर्ड, लंडन स्कूल, मँचेस्टर, एडिंबरो. पाचव्या जागेवरून दोन दिवस चर्चा. बाबाची इच्छा, एका जागी तरी नुसतं अर्थशास्त्र टाकावं. त्यात चूक काही नाही; आकडेमोडीत ती चांगली आहे.

अडचण अर्जाची आहे. पर्सनल स्टेटमेंट एकच, तेच पाचही विद्यापीठांना जातं. दुसरीकडे कुठे अर्ज केलाय ते त्यांना दिसत नाही, पण स्टेटमेंट निम्मं इतिहासानं भरलेलं असलं की अर्थशास्त्राचा प्रवेश बघणाऱ्याला वाटणार, हिचं मन आमच्याकडे अर्धंच. आणि त्या एका जागेसाठी इतिहास पातळ केला तर उरलेल्या चार जागा कच्च्या होतात. बाबाला हे पटलं. पाचवं लीड्स, 'इकॉनॉमिक्स अँड हिस्टरी'. तिथे मागणी जरा कमी गुणांची आहे, आणि एक तरी जागा तशी असावीच.

या जोड्यांच्या संकेतांकांत एल अक्षर अर्थशास्त्राचं आणि व्ही इतिहासाचं. ऑक्सफर्डचा 'एलव्ही11'. लेकीनं तो तिच्या टेबलासमोर चिकटवलाय.

शनिवार, 11 ऑक्टोबर

या वर्षीपासून स्टेटमेंटची रीत बदलली. पूर्वी एक सलग मजकूर असायचा. आता तीन प्रश्न: हा विषय का, शिक्षणानं त्याची काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून 4,000 अक्षरं, मोकळ्या जागा धरून. प्रत्येक उत्तर निदान 350 अक्षरांचं.

पहिल्या खर्ड्यात पहिला परिच्छेद अर्थशास्त्राच्या प्रेमाचा आणि दुसरा इतिहासाच्या. दोन्ही नीट, पण दोन मुलींचे अर्ज एकत्र शिवल्यासारखे. मी फक्त एवढंच विचारलं, "सुपं कुठंय यात?" ते तिसऱ्या उत्तरात शेवटी होतं, ईपीक्यूचं म्हणून. तिनं ते उचलून अगदी वर आणलं. आता पहिलंच वाक्य जळत्या खतांचं आहे, दुसरं कापसाच्या भावाचं, आणि तिसऱ्यात ती म्हणते की दोन्ही पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत आणि का जुळत नाहीत ते तिला शिकायचंय. त्यानंतर विषयांची नावं वेगवेगळी काढायची गरजच पडली नाही. वादविवाद मंडळ गेलं, पियानोची परीक्षा गेली. गाडगीळ राहिले, चार्ल्सवर्थ राहिले.

रात्री साडेअकराला अक्षरं पुन्हा मोजली. बसतंय.

सोमवार, 13 ऑक्टोबर

अर्ज कॉलेजकडे गेला. मुदत परवा संध्याकाळी सहापर्यंत आहे; शिक्षकांचं शिफारसपत्र लागून तो आजच पुढे रवाना झाला.

शनिवार, 22 नोव्हेंबर

एका विद्यापीठाचा होकार आला, अर्थात ए-लेव्हलच्या गुणांच्या अटीवर. लेकीनं उड्या मारल्या नाहीत. त्याच संध्याकाळी दोन्ही विभागांना एकच पत्र लिहिलं, दोघांनाही एकमेकांची प्रत दिसेल असं. प्रश्न सगळे उन्हाळ्यातले: या जोडीला वर्षाला किती मुलं? तास आपटले तर काय? इकॉनोमेट्रिक्स दुसऱ्या वर्षी घेता येईल का? आणि प्रबंध इतिहासात लिहून त्यात आकडेवारीचं काम केलं तर ते तपासणार कोण?

आठवड्यात उत्तर आलं, तेही इतिहास विभागातल्या एका बाईंचं, सविस्तर. मुलं थोडी आहेत. सक्तीचे तास आपटत नाहीत, ऐच्छिक आपटू शकतात. इकॉनोमेट्रिक्स घेता येईल, पण पहिल्या वर्षाचं संख्याशास्त्र चांगल्या गुणांनी काढलं तरच. प्रबंधाला इतिहासाचा मार्गदर्शक आणि सल्ल्याला अर्थशास्त्रातलं कोणी, असं आधी झालेलं आहे. शेवटी त्यांनी विचारलं होतं, सुप्याच्या आसपासच्या पेऱ्याचे आकडे तुला कुठे मिळाले?

बाबानं ते पत्र दोनदा वाचलं. "हे लोक बरे वाटतात," म्हणाला. मग लेकीला विचारलं, "संख्याशास्त्राचं पुस्तक आत्तापासून आणायचं का?"

ऑक्सफर्डनं बोलावलं तर मुलाखत डिसेंबरात, ऑनलाइन. बाकीची उत्तरं वसंतापर्यंत येतील. मग एक पक्कं आणि एक राखीव ठरवायचं. लेक आत्ता त्या बाईंना उत्तर लिहितेय. आकडे जुन्या गॅझेटिअरमधले आहेत आणि दोन तालुक्यांचे अजून सापडलेले नाहीत, ते कुठे बघावेत असं तिला त्यांनाच विचारायचंय.